रिलीव्हर येईपर्यंत

अण्णा,

तुमची एक गोष्ट मी गेली काही वर्षं मुलांना सांगत आले, तुम्हाला न विचारता. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की विचारायची सोय नव्हती, हे खरं. पण तुम्ही असतात तरी मी विचारलं असतं का, याची खात्री देता येत नाही. गोष्ट चांगली होती, माझ्या उपयोगाची होती, आणि उपयोगाच्या वस्तूचा मालक कोण हे आपण विचारत नाही.

मी काय करते ते आधी सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी एम.ए. करत होते आणि मुलगी प्राध्यापक होणार असं तुम्ही अलोऱ्याच्या वीजघराच्या कॉलनीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतंत. तसं झालं नाही. हातखंब्याच्या तिठ्यापासून थोडं आत, टायरवाल्यांच्या आणि चहाच्या टपऱ्यांच्या मागे, पूर्वी खताचं गोदाम होतं तिथे आमचं केंद्र चालतं. पावसाळ्यात अजून भिंतींना खताचा वास येतो. शाळा सोडलेली, शाळेने सोडलेली आणि काही पोलिसांनी सोडलेली अशी मुलं आमच्याकडे येतात. सकाळी ज्यांना जमेल ते बाहेरून दहावीला बसण्याची तयारी करतात, दुपारी वायरिंग, नळकाम, मोटारसायकलची दुरुस्ती. पत्रकावर केंद्राला मोठं नाव आहे, पण आजूबाजूचे लोक 'कामाची शाळा' म्हणतात आणि तेच बरोबर आहे. माझ्याकडे 'तयारी'चा तास असतो. मालकाशी कसं बोलावं, फोन कसा उचलावा, चूक झाली तर ती कोणाला आणि कधी सांगावी, पगार हातात आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मित्रांना कसं टाळावं. आमच्याकडे पास-नापास नाही. आमचा शब्द एकच आहे, 'टिकला'. कामाला लावलेला मुलगा पावसाळा काढून तिथेच असला की आम्ही एकमेकांना सांगतो, टिकला.

या तासाला सगळ्यांत जास्त हसू यायचं ते रजा मागायच्या सरावाला. मी खुर्चीत मालक होऊन बसायची, चष्मा नाकावर ओढून, आणि एकेकाने पुढे येऊन रजा मागायची. तुम्हाला हा सराव आवडला असता. शिमग्याच्या आधी तर तो करावाच लागे, कारण आपल्याकडचा मुलगा एरवी कितीही सरळ असला तरी गावची पालखी घरी यायची म्हटली की त्याचा पाय कामावर ठरत नाही. तो न सांगता निघून जातो आणि परत येतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा असतो. मागच्या वर्षीचा एक तास मला जसाच्या तसा आठवतो. समोर एक उंच, काटकुळा मुलगा उभा आहे, दोन्ही हात पाठीमागे.

"सेठ, पालखी येते घरी. सुट्टी हवी."

"कधी येते?"

"ता गुरवाला म्हायत."

"आणि तू परत कधी येणार?"

"पालखी उठली की."

"ती कधी उठणार?"

"ता पन गुरवालाच म्हायत."

मागून कोणीतरी ओरडतं, "मॅडम, मग गुरवालाच कामाला ठेवा!" आणि सगळं गोदाम हसतं. तोही हसतो. मग मी समजावते, गावात फोन करून दिवस विचारून घ्यायचा, आठ दिवस आधी मालकाला सांगायचं, आपल्या जागी कोण येईल तेही आपणच बघून ठेवायचं. तो मान हलवतो. त्याला हे जमेल असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं.

आता या मुलाबद्दल. नाव लिहीत नाही. गाव आपल्या गावापासून फार लांब नाही, डोंगराकडचं. बाप मुंबईला, घरी येणं कमी आणि पैसे पाठवणं त्याहून कमी. आई काजूच्या कारखान्यात. नववीतून शाळा सुटली, मग बंदरावर भटकणं, मग दोघा मोठ्या पोरांबरोबर बोटींवरचं डिझेल चोरताना सापडला. आमच्याकडे पाठवला गेला तेव्हा पहिला महिना तो मागच्या दगडी गडग्यावरून उडी टाकून पळायचा. संध्याकाळी टपरीवर सापडायचा आणि मलाच विचारायचा, "काय मॅडम, चाय?" गॅरेजमध्ये लावला, पळाला. हॉटेलात लावला, पळाला. मुलं त्याला 'लालपरी' म्हणायची, स्टँडवर थांबल्यासारखी दिसते आणि बघता बघता निघून जाते म्हणून. त्याला त्याचा राग यायचा, पण तो हसून दाखवायचा. शेवटी बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात त्याला घेतलं. लाद्या ओढून आणायच्या आणि बर्फ फोडायच्या मशीनमध्ये लोटायच्या, खालून चुरा थेट बोटींच्या क्रेटमध्ये. काम साधं, गार आणि कंटाळवाणं. एकोणीस वर्षांचा मुलगा त्यात आठवडाभर राहील का, अशी आम्ही पैज लावली होती. पैज मी हरले. तो राहिला. पावसाळ्यात कारखाना बंद होता तेव्हाही साफसफाईला जात राहिला.

यंदा शिमग्याच्या आधी कारखान्याचे मालक स्वतः केंद्रावर आले. वाईट माणूस नाही, हे मी आजही लिहिते. आमची तीन मुलं त्यांच्याकडे होती आणि त्यांच्यामुळे बंदरावरचे आणखी दोन-तीन मालक आमच्या मुलांना घ्यायला तयार झाले होते. ते म्हणाले, "मॅडम, यंदा एवढं करा. होळीच्या दिवसांत बोटी भरून येतात, बर्फ पुरत नाही, आणि नेमकी तेव्हाच तुमची पोरं ढोलामागे. ढोल वाजला की ह्यांच्या अंगात येतं. यंदा एक जरी पळाला ना, तर पुढच्या वर्षीपासून बाहेरची माणसं आणीन. मग मला दोष देऊ नका." मी म्हटलं, बोलते मी मुलांशी. त्या आठवड्यात कामावर लागलेली मुलंही मुद्दाम बोलावली, आणि रजा मागायचा सराव मी घेतला नाही. त्याऐवजी तुमची गोष्ट सांगितली.

मी ती अशी सांगते. माझे वडील वीजघरात पाळीवर होते. पाळीचा नियम असा की बदलीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन समोर उभा राहिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. एका शिमग्याला सकाळची पाळी संपवून दुपारच्या एसटीने ते गावी निघणार होते. संध्याकाळी पालखी आमच्या अंगणात येणार होती आणि पहिल्या खांद्याचा मान आमच्या घराचा. आई आणि मी पुढे गेलो होतो. रिलीव्हर आला नाही. त्याच्याही गावात पालखी होती. वडील तसेच दुसऱ्या पाळीला बसले. अंगणात ढोल वाजत होते, आजी दर थोड्या वेळाने गडग्याशी जाऊन रस्त्याकडे बघत होती, आणि शेवटी चुलत काकांनी खांदा दिला. वडील दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा पालखी पुढच्या वाडीत गेलेली. आजीने विचारलं, "खुर्चीला चिकटलास काय रे?" वडील एवढंच म्हणाले, "रिलीव्हर आल्याशिवाय उठता येत नाही, आई." इथे मी थांबते. नेहमीच थांबते. त्या थांबण्याचा परिणाम होतो हे मला माहीत आहे.

तास सुटल्यावर तो रेंगाळला. "मॅडम, मग तुमच्या अण्णांना बक्षीस मिळाला काय?" मी म्हटलं, नाही. "पगार वाढला?" तोही नाही. "मग?" मी म्हटलं, "मग काही नाही. लोक त्यांना मानायचे." तो "मानायचे" हा शब्द स्वतःशीच पुन्हा बोलला आणि गेला. मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं होतं. डायरीत मी लिहिलंय की आजचा तास लागू पडला.

त्याच्या घरी पालखी आली त्या दिवशी त्याची सकाळची पाळी होती. नंतर ज्याने यायचं तो आला नाही, आपल्या गावी गेला. मुकादमाने विचारलं, थांबतोस ना? तो थांबतो म्हणाला. बोटी लागलेल्या होत्या, कोणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दिवस मावळायच्या सुमाराला एक लादी मशीनच्या तोंडात अडकली. मशीन बंद करून ती काढायची असते. हे त्याला माहीत होतं, आम्हीच शिकवलं होतं आणि तिथेही शिकवलं होतं. त्याने हात घातला. का घातला ते त्यालाही सांगता येत नाही. मला कारखान्यातून फोन आला आणि त्याच वेळी त्याच्या आईलाही. तिच्या अंगणात पालखी टेकलेली होती आणि ती देवीची ओटी भरत होती. ढोलामुळे तिला पहिल्यांदा काही ऐकूच गेलं नाही.

सरकारी दवाखान्यात मी पोचले तेव्हा हाताला मोठं पांढरं गाठोडं बांधलेलं होतं. उजव्या हाताचा अंगठा राहिला, बाकीची बोटं गेली. त्याने मला पाहिलं. चेहरा मातीसारखा झालेला, पण त्यावर एक गोष्ट होती जी मी त्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिली नव्हती. तो म्हणाला, "मॅडम, मी उठलो नाय."

मला समजलं नाही. मी म्हटलं, पडून राहा, उठू नकोस.

"तसा नाय. रिलीव्हर आला नाय ना. म्हणून मी उठलो नाय."

त्या कॉरिडॉरमधल्या बाकावर मी बसले आणि तिथे मला तुम्ही आठवलात. गोष्टीतले तुम्ही आठवला नाहीत, कॉलनीतल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात उभे असलेले खरे तुम्ही आठवलात. मी आठवीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली आहे, विषय 'माझा आदर्श', आणि मी हीच गोष्ट सांगून पहिला नंबर काढला आहे. तुम्ही मागच्या रांगेत उभे राहून ऐकलंत. आई शेजारी गेली होती, म्हणून तुम्हीच स्टोव्ह पेटवून चहा टाकता आहात, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणता आहात, "हे पुन्हा कुठे सांगू नकोस."

"का?"

"त्यात सांगण्यासारखं काही नाही. पेंगणारा माणूस पाळीवर असून नसल्यासारखा. दुसऱ्या पाळीत मीटरचे काटे कुठे होते ते मला आठवत नाही. नशीब, काही झालं नाही. नाहीतर तू आज वेगळी गोष्ट सांगितली असतीस." मग तुम्ही चहा गाळलात आणि मला बशीत ओतून दिलात, मी मोठी झाले होते तरी.

हे मी विसरले होते, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. हे मला कायम आठवत होतं. मी तो तुमचा विनय समजले. एवढंच नाही, कधी वेळ उरला तर मुलांना गोष्टीच्या शेवटी हेही सांगायचे की अण्णांना स्वतःचं कौतुक अजिबात खपत नसे. तुम्ही मला एक इशारा दिलात आणि मी तो गोष्टीच्या कपाळावर टिळ्यासारखा लावला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते अजून संपलेलं नाही. मालकांनी दवाखान्याचं सगळं केलं, पण भरपाईची गोष्ट निघाली तेव्हा ते म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा, मॅडम. पण त्याला कोणी थांबवला नव्हता. विचारा त्यालाच." आणि त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, हो, मी माझ्या मर्जीने थांबलो. मुकादमाने तेच सांगितलं. मर्जीने थांबला आणि हलगर्जीने हात घातला, असा कागद तयार होऊ लागला. मग कामगार खात्याचे एक गृहस्थ केंद्रावर आले आणि त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? सांगितलं तर त्या मुलाला काही मिळण्याची शक्यता होती. सांगितलं तर बाकीच्या दोन मुलांची कामं जाणार आणि बंदराचं दार आम्हाला बंद होणार, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. मी त्यांना चहा दिला. मग सगळं सांगितलं. शिमग्यात मुलं पळू नयेत म्हणून मालक स्वतः येऊन काय बोलले, त्यानंतर मी रजा मागायला शिकवायचं थांबवून कोणती गोष्ट सांगितली, आणि तो दिवसभर काम करून पुन्हा दुसऱ्या पाळीला का थांबला, सगळं. खाली सही केली.

हे मी त्याच्यासाठी केलं की माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. उत्तर रोज वेगळं येतं. त्या दोघांना आठवड्याच्या आत कामावरून परत पाठवलं. त्यातला एक आता हायवेवर गाड्या धुतो आणि दुसरा कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही. गॅरेजवाले म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी." केंद्रातले माझे सहकारी मला काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. भरपाईचं अजून चाललं आहे.

सही केल्यानंतर मी त्याच्या घरी गेले. हे मीच त्याला सांगायला हवं, असं माझं मत. आई पडवीत बसली होती, काजूच्या चिकाने काळी पडलेली बोटं मांडीवर ठेवून. तिने "या बाय" म्हटलं आणि पाणी आणायला आत गेली. तो डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होता, खालून वर, आणि एक घर चुकलं होतं. मी मदत केली नाही. मी त्याला सांगितलं की मी काय जबानी दिली आणि का दिली. तो बटणाकडे बघतच ऐकत होता.

मग म्हणाला, "म्हंजे तुमी सांगितलंत, मी मर्जीने थांबलो नाय."

"मी सांगितलं की तुला थांबायला मी शिकवलं. चूक तुझी नाही."

"चूक नाय ना? मग थांबलो ता पन माझा नाय." त्याने शर्ट सोडून दिला. "मॅडम, आख्ख्या आयुष्यात एकदा मी थांबलो. पळालो नाय. ता पन तुमीच केलात."

आई पाणी घेऊन आली होती ती दारातच उभी राहिली. "असा बोलू नये रे मोठ्या मानसांना," ती म्हणाली, पण जोर नव्हता. मग माझ्याकडे वळून, हळू, "त्याला पालखीच्या दिवशी मीच फोन केलेला, बाय. ये म्हटला. तो बोलला, आये, मला इथं मानतात. मी म्हटला, मग ऱ्हा." मी पाणी प्यायले. अण्णा, त्या माऊलीने दोषातला आपला वाटा उचलला होता, आणि मला तो तिच्या डोक्यावरून उतरवता येईना. मी नुसतं म्हटलं, तुमचा काही दोष नाही. ती म्हणाली, "दोष कोनाचा ता विचारून बोटां येतात काय?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहिती हवी असावी असं वाटत होतं.

निघताना तो अंगणाच्या कडेपर्यंत आला. बटणं चुकलेलीच होती. राग ओसरला होता किंवा त्याने तो आवरला होता. त्याने मला अगदी साधं, तासाला विचारायचा तसं विचारलं, "मॅडम, आता मला कुठं लावनार?"

आणि मी त्याच्या हाताकडे न बघता म्हटलं, "बघते."

हा शब्द मालक लोक वापरतात तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यायचा, हेही मीच मुलांना शिकवते. 'बघतो' म्हणजे नाही, पुन्हा विचारायला जाऊ नका, दुसरीकडे शोधा. त्याने तो तास केलेला आहे. त्याच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. मान हलवली आणि मागे वळला.

त्याला कुठे लावता येईल याचा मी विचार केलेला नाही, असं नाही. एका पेट्रोल पंपाच्या मालकांचा नंबर काढून ठेवला आहे. फोन केलेला नाही. डाव्या हाताने नोंदी करता येतील असं एखादं काम, एखादं पहाऱ्याचं काम, असे शब्द कागदावर लिहिते आणि प्रत्येक शब्दाशी थांबते, कारण कुठेही गेलं तरी मला त्या माणसासमोर बसून सांगावं लागेल की हा मुलगा टिकतो. आणि तो तर टिकतोच. ते वाक्य तोंडातून काढायला मी घाबरते आहे.

नवी मुलं आली आहेत. तुमची गोष्ट मी आता सांगत नाही. तिच्या जागी काय सांगावं ते ठरलेलं नाही, म्हणून मध्ये काही तास मी नुसता फोन कसा उचलावा एवढंच घेते. ती मुलं पटकन शिकतात आणि मग माझ्याकडे बघत बसतात.

आज रविवार होता. त्याच्या गावाकडे जाणारी एसटी तिठ्यावरून सकाळी होती आणि दुपारीही होती. मी दोन्ही वेळा घरात होते. हे पत्र मी सकाळपासून लिहिते आहे, आणि अण्णा, ते तुम्हाला लिहायचं होतं म्हणून नाही. तुम्ही उलट काही विचारणार नाही म्हणून.